रेडिएटर रिकामा होतो, इंजिन होत नाही

कामोठ्याहून पुण्याकडे निघालं की कळंबोलीला द्रुतगती मार्ग लागतो. तिथून खोपोलीपर्यंत गाडीला फारसे कष्ट नाहीत. पुढे बोरघाटाची चढण, मे महिन्याचं ऊन, शनिवारची रांग, आत पाच माणसं, डिकीत गावी न्यायचं सामान, एसी सुरू आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत. बोनेट उघडून कडेला लावलेल्या गाड्या दिसतात त्या इथेच. दोष दर वेळी घाटाचा नसतो. वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट सायन-पनवेल रस्त्यावर निभावून नेतं आणि घाटात उघडं पडतं.

हे काम सुट्टीच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येतं. अवघड नाही, पण त्यात एक हिशेब आहे. घरी काम करणारे बहुतेक जण चुकतात ते त्या हिशेबात, पाने-पकडीत नाही.

आधी आत काय चालतं ते पाहू. पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप ते इंजिनच्या पोकळ भिंतींतून फिरवतो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक डबी असते. कूलंट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे सुटतं. तोवर ते इंजिनातच घुटमळतं. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. रेडिएटरचं झाकणही साधं नाही. ते आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त ठेवतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळेल, तेच दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेही तग धरतं. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला. झाकण फार महाग नसतं. शंका असेल तर नवंच घ्यावं.

नुसतं पाणी का नको? खरं तर उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. जुन्या फियाट, अँबेसेडर पाण्यावरच चालल्या. घाट चढताना डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. पण आजच्या इंजिनात, रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियम भरपूर आणि नळ्या बारीक. पाणी लवकर उकळतं, गंज धरतं, आणि टँकरचं किंवा बोअरचं असेल तर क्षार सोडतं. क्षारांतलं क्लोराइड ॲल्युमिनियम कुरतडतं. कूलंट गोठू नये हा ग्लायकॉलचा थंड देशातला उपयोग आपल्याला कामोठ्यात शून्य. आपण पैसे मोजतो ते उकळणं लांबवण्यासाठी आणि गंजरोधक रसायनांसाठी. ही रसायनं काळाबरोबर संपतात, रंग मात्र तसाच हिरवा किंवा गुलाबी राहू शकतो. म्हणून रंग बघून नव्हे, गाडीच्या पुस्तिकेतली वर्षं आणि किलोमीटर बघून कूलंट बदलावं.

रंगावरून खरेदीही करू नये. हिरवं, निळं, लाल हे कंपनीने घातलेले रंग आहेत. आतलं रसायन वेगळं असू शकतं आणि दोन जातींची सरमिसळ झाली तर आयुष्य घटतं, कधी गाळही बनतो. पुस्तिकेत सांगितलेला प्रकार घ्या, बाटलीच्या मागे आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारखं मानक आहे का पाहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते कॉन्सन्ट्रेट आहे की पाणी मिसळलेलं ‘रेडी टू यूज’, हे वाचा. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा मोठा कॅन आणा.

आता काम. गाडी रात्रभर उभी असलेली हवी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाब सुटून उकळतं कूलंट तोंडावर येतं; यात अतिशयोक्ती नाही. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा. कामोठ्यात हीटर कोण लावतं, पण काही गाड्यांत त्याशिवाय हीटरच्या नळ्यांतलं जुनं पाणी हलतच नाही. गाडीखाली बादली मावत नाही, घमेलं मावतं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नका.

रेडिएटरच्या तळाशी ड्रेन प्लग असतो, बहुधा प्लॅस्टिकचा. जुना असेल तर पकडीने पिळू नका, तो तुटतो. हटत नसेल तर खालच्या होज पाइपची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा आणि पाइप काढा. धार एकदम येईल, तयारीत राहा. बाहेर आलेलं स्वच्छ आणि रंगीत असेल तर उत्तम. तांबूस असेल तर गंज आहे. दुधाळ कॉफीसारखं असेल तर थांबा: ऑइल मिसळतंय, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर पाहावा लागेल, आणि ते गॅरेजचं काम आहे.

निघालेलं कूलंट मापून घ्या. हिशेब इथे सुरू होतो. समजा पुस्तिकेप्रमाणे यंत्रणेत ५ लिटर मावतं आणि घमेल्यात आलं अडीच. उरलेलं अडीच लिटर इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बसून आहे, कारण थंड इंजिनाचा थर्मोस्टॅट बंद आहे. डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन चालवून, पुन्हा काढलं की जुनं कूलंट निम्म्यावरून पाव होतं. आणखी एकदा केलं की एक अष्टमांश. म्हणून दोन-तीन वेळा धुवावं. प्रत्येक वेळी इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं. वरचा पाइप आधी तापतो. खालचाही कोमट झाला की झडप उघडली समजा. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे करू नका, धूर साचतो. मग इंजिन बंद करून पूर्ण निवू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. या थांबण्यामुळेच काम अर्धा दिवस खातं. पंख्यापासून बोटं लांब ठेवा, काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही सुरू होतो. बाजारातली फ्लशिंगची रसायनं मी स्वच्छ यंत्रणेत टाकणार नाही. गंजलेल्या जुन्या रेडिएटरमध्ये ती कधी गळती बुजवून बसलेला थरच काढून टाकतात.

शेवटचं धुणं काढल्यावर ब्लॉकमध्ये अडीच लिटर साधं पाणी उरलेलंच आहे. तुम्ही वरून अडीच लिटर ‘रेडी टू यूज’ ओतलंत, तर त्यात निम्मंच कूलंट. म्हणजे ५ लिटरांत सव्वा लिटर, २५ टक्के. गंजरोधकाला हे अपुरं. बाटलीवर ‘पाणी मिसळू नये’ असं लिहिलेलं असतं. पाणी आपण आधीच मिसळून ठेवलेलं असतं. कॉन्सन्ट्रेट अडीच लिटर ओतलंत तर बरोबर निम्मं-निम्मं. तीन लिटर निघालं असेल तर अडीच कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. दोनच निघालं असेल तर दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, मिश्रण ४० टक्के, आपल्या हवेला चालतं. तुमच्या गाडीला फक्त तयार मिश्रणच मिळत असेल तर पाण्याने धुऊ नका. त्याच मिश्रणाने भरा, चालवा, काढा, पुन्हा भरा. खर्च वाढतो, प्रमाण बिघडत नाही.

ओतताना घाई नको. रिझर्व्ह बाटली काढून धुवा आणि नंतर ‘लो’ आणि ‘फुल’ यांच्या मध्ये भरा. मग हवा काढायची. हवा वर चढते, म्हणून गाडीचं नाक उंच हवं. कामोठे सगळं सपाट. सोसायटीच्या रॅम्पवर नाक वर करून, हँडब्रेक ओढून, चाकांमागे विटा लावून गाडी उभी करा. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. बुडबुडे येतील, थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी झपकन खाली जाईल, तेव्हा भर घाला. वरचा पाइप फडक्याने धरून हलके दाबा. काही गाड्यांत हवा सोडायचा स्क्रू असतो; ज्यांना रेडिएटरवर झाकणच नाही त्या बाटलीतूनच भरतात, त्यांची पद्धत पुस्तिकेत पाहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा.

हवा अडकली का हे सांगणारा भरवशाचा साक्षीदार हीटर आहे. इंजिन तापूनही हीटरची हवा गारच येत असेल तर एअर लॉक आहे. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असेल तर तो खोटं सांगतो, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतोच, लाल दिवा लागतो तो उशिरा. पहिली फेरी खारघरपर्यंत मारा, घाटात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची पातळी बघा. थोडी उतरली असेल तर भरा. रोज उतरत असेल तर गळती शोधा.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. इथली पावसाळी गटारं पुढे खाडीला मिळतात. शिवाय इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. पार्किंगमधल्या कुत्र्या-मांजरांनी थोडं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सांडलेलं वाळूने किंवा भुशाने टिपून जागा धुवा. निघालेलं सगळं रिकाम्या कॅनमध्ये भरा, वर ठळक ‘विष’ लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला हेही घेता का असं आधी विचारून नेऊन द्या. पाण्याच्या बाटलीत मात्र कधीही भरू नका.