दुरून मोटार सुरू करण्याची सोय : पहारा आधीं, बटण मागाहून

आपल्या शिरूर-दौंड भागांत ‘मोटार’ या एकाच शब्दानें दोन निरनिराळ्या वस्तु ओळखल्या जातात. एक अंगणांत उभी असते ती चार चाकांची, आणि दुसरी विहिरीवर अगर नदीकांठीं बसविलेली पाण्याची. या दोन्ही मोटारी आतां जवळ न जातां सुरू करतां येऊं लागल्या आहेत. चारचाकीस किल्ली फिरविण्याऐवजीं बटण आलें, आणि पाण्याच्या मोटारीस खिशांतील मोबाइलवरून हुकूम पोंचूं लागला. ही सोय घ्यावी कीं न घ्यावी, घेतल्यास कशी बसवावी, आणि कोणती काळजी न घेतल्यास ती जिवावर बेतते, याविषयीं शेतकरी बंधु वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखक इंजिनिअर नव्हे. तालुका कचेरींत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां भीमेच्या कांठीं थोडी जमीन कसणारा सामान्य मनुष्य आहे. तथापि स्वतःच्या विहिरीवर हें यंत्र बसवून त्याचे गुणदोष अनुभवल्यावर जें समजलें, तें येथें मांडीत आहें.

प्रथम गरज पाहूं. शेतीच्या फीडरला वीज पाळीनें मिळते. शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर चालवून दिवसां वीज देण्याची सरकारी योजना २०१७ सालीं निघाली असून तिचें काम चालू आहे; परंतु ज्यांच्या फीडरला अद्याप रात्रीची पाळी आहे, त्यांस मध्यरात्रीं अंथरूण सोडून मोटार चालू करण्यास जावें लागतें. वाटेंत विंचू-सर्पाचें भय पूर्वींपासून होतेंच. त्यांत आतां बिबट्याची भर पडली आहे. घोड, कुकडी व भीमा या नद्यांच्या कांठच्या उसांत त्यानें घर केलें आहे. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड व जांबूत भागांत त्याच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं; त्यांत लहान मुलेंहि होतीं. अशा स्थितींत रात्रींची एक फेरी वांचली तरी तो मोठा लाभ होय. अर्थात् दारें धरण्यास मनुष्य रानांत लागतोच, तें काम टेलिफोन करीत नाहीं. परंतु विहीर लांब व रान घराजवळ असेल तर मोटारीपर्यंतची फेरी टळते. आणि ठिबक अगर शेततळें असेल तर रात्रीं घराबाहेर पडण्याचें कारणच उरत नाहीं.

एंजिन सुरू करण्याचें काम पूर्वीं किती कष्टाचें होतें, हें वडीलधाऱ्यांस विचारावें. पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली, आणि पुढें तेलाचीं एंजिनें गांवोगांव विहिरींवर व नदीकांठीं धडधडूं लागलीं. त्यांस हँडल मारून फिरवावें लागे, आणि एंजिन उलट फिरलें म्हणजे मनगट मोडे. चारचाकी मोटारींचीहि प्रथम हीच अवस्था होती. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९११ सालीं विजेच्या जोरावर एंजिन फिरविणारा स्टार्टर सिद्ध केला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीस तो बसविण्यांत आला. तेव्हांपासून हँडल गेलें, परंतु मनुष्य एंजिनाजवळच राहिला. आतां मनुष्यहि दूर गेला. या लेखाचें सर्व सार या एका गोष्टींत आहे.

मनुष्य मोटारीजवळ उभा राहून केवळ बटण दाबीत नसतो. तिन्ही फेज आहेत कीं नाहींत हें तो दिव्यावरून पाहतो. विहिरींत पाणी किती आहे हें डोकावून पाहतो. मोटार घुमूं लागली तर आवाजानें ओळखतो. आंत कोणी उतरला असेल तर त्यास हांक मारतो. हा सर्व पहारा तो नकळत करीत असतो. दुरून सुरू करण्याचें यंत्र बसविलें म्हणजे बटण दाबणारा हात लांब जातो, आणि त्याबरोबर हा पहाराहि नाहींसा होतो. म्हणून पहाऱ्याची तजवीज आधीं करावी, व दुरून चालणारें बटण मागाहून बसवावें.

आतां यंत्राची रचना. आपल्या स्टार्टरच्या पेटींत हिरवें व तांबडें अशीं दोन बटणें असतात. हिरवें दाबलें कीं आंतील कॉइलमध्यें वीज जाऊन ती लोहचुंबकासारखी ओढ घेते, तिन्ही फेज मोटारीस जोडले जातात, आणि बोट काढलें तरी ओढ कायम राहते. तांबडें दाबलें अगर वीज गेली कीं ओढ सुटते. वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाहीं, ही यांतील मोठी सुरक्षितता आहे. मोबाइल स्टार्टरमध्यें सिम घातलेलें लहान यंत्र असतें. त्याची एक कळ हिरव्या बटणाशीं समांतर जोडतात व दुसरी तांबड्या बटणाच्या मार्गांत घालतात. आपण फोन करून ठराविक आंकडा दाबला कीं पहिली कळ क्षणभर मिटते. दुसरा आंकडा दाबला कीं दुसरी क्षणभर उघडते. म्हणजे यंत्र आपल्या वतीनें बटण दाबतें, याहून त्यांत गूढ कांहीं नाहीं. या कामीं आपल्या जिल्ह्याचें नांव अभिमानानें घ्यावें असें आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनीं केलेल्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रास २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत पारितोषिक मिळालें. आज अशीं यंत्रें अनेक कारखानदार तयार करतात.

आतां धोक्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला धोका फेजचा. तीनपैकीं एक फेज गेला असतां उभी मोटार फिरत नाहीं, नुसती घुमते, भारी प्रवाह ओढते व थोड्या वेळांत गुंडाळी जळते. स्टार्टरची कॉइल बहुधा दोनच फेजवर चालते. त्यामुळें तिसरा गेल्याचें तिला कळतहि नाहीं. म्हणून तिन्ही फेज तपासणारें यंत्र बसविल्यावांचून दुरून चालणारें बटण बसवूं नये. स्टार्टरमधील जादा भाराचा रिले मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवावा. तो वारंवार पडतो म्हणून बांधून ठेवण्याची खोड पुष्कळांस आहे. ती प्रथम सोडावी.

दुसरा धोका कोरड्या विहिरीचा. पाण्यांतील मोटार पाण्यानेंच थंड राहते. पाणी संपल्यावर ती चालत राहिली तर आंतील बुश झिजून जातात. कांठावरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळून पाणी उतरलें तरी हीच गत होते. पाणी ओढणें थांबलें कीं मोटारीचा प्रवाह कमी होतो. या खुणेवरून मोटार बंद करणारें साधन मिळतें, तें अवश्य घ्यावें. तसेंच ‘मोटार सुरू झाली’ असा उलट निरोप यंत्र कशावरून देतें हें विकणाऱ्यास विचारावें. केवळ कळ मिटल्यावरून दिलेला निरोप खरा मानूं नये. प्रत्यक्ष प्रवाह मोजून दिलेला तोच खरा.

तिसरा धोका सर्वांत मोठा, कारण तो मनुष्याच्या जिवाचा आहे. मागील उन्हाळ्यांत आमच्या विहिरीवर गांवचा मिस्त्री पंप खोलून बसला होता. पुण्यास नोकरीवर असलेल्या पुतण्याचा नंबरहि यंत्रांत नोंदलेला होता. वीज येण्याची वेळ झाली म्हणून त्यानें मदत करावी या हेतूनें तेथूनच फोन लावला. पेटीजवळ मी उभा होतों. यंत्राची कळ आंतल्या बॅटरीवर ‘खट्’ करून वाजली, आणि माझ्या अंगावर कांटा आला. मिस्त्र्याचे दोन्ही हात पंपांत होते. परंतु त्यानें काम धरण्यापूर्वीं मेन स्विच पाडून फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढून खिशांत ठेवल्या होत्या, म्हणून कांहीं झालें नाहीं. त्याला विचारलें तेव्हां तो इतकेंच म्हणाला, “आप्पा, बटण कोणाच्या हातांत आहे तें मला दिसत नाहीं, ग्रिपा माझ्या खिशांत आहेत तें मला ठाऊक असतें.” त्या दिवसापासून आम्हीं नियम केला. पेटी, मोटार अगर विहीर यांस हात लावणाऱ्यानें ग्रिपा स्वतःच्या खिशांत ठेवल्याच पाहिजेत. दुसऱ्याजवळ दिलेल्या चालणार नाहींत, कट्ट्यावर ठेवलेल्याहि चालणार नाहींत. नोंदलेले नंबर दोनच ठेवले. पेटीवर ‘ही मोटार दुरून केव्हांहि सुरू होते’ अशी पाटी लावली, व मोटार सुरू होण्यापूर्वीं अर्धा मिनिट घंटा वाजेल अशी जोडणी करून घेतली. लोखंडी पेटीस अर्थिंग असलेंच पाहिजे, हें वेगळें सांगणें नको.

चौथा धोका एकट्याचा नसून सर्व डीपीचा आहे. वीज येतांच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच पुष्कळांनीं बसविला आहे. वर सांगितलेली स्टार्टरची सुरक्षितता तो मोडून टाकतो. याचा हिशोब मांडून पाहावा. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांना सुमारें ७ अँपिअर घेते, पण सुरू होतांना त्याच्या सुमारें सहापट, म्हणजे ४० अँपिअर घेते. शंभर केव्हीएच्या डीपीची शक्ति सुमारें १३५ अँपिअरची. तिच्यावर अशा २० मोटारी असल्या तर त्या चालतांनाच १४० अँपिअर होतात, म्हणजे डीपी पूर्ण भरते. त्याच वीस मोटारी एका क्षणीं सुरू झाल्या तर ८०० अँपिअरची मागणी होते. दाब खालीं पडतो, कोणतीच मोटार नीट उठत नाहीं, आणि डीपी जळते. मग नवी येईपर्यंत उभें पीक वाळतें, तें वीसहि जणांचें. यास उपाय अगदीं सोपा आहे. मोबाइल स्टार्टरमध्यें विलंबाचें घड्याळ असतें. एका डीपीवरील खातेदारांनीं एकत्र बसून क्रम लावून घ्यावा व प्रत्येकानें आपलें घड्याळ मागच्याहून अर्धा मिनिट पुढें ठेवावें. वीस मोटारी दहा मिनिटांत बिनबोभाट सुरू होतील. पाटपाण्याच्या पाळ्या आपण लावतोंच. ही त्यांतलीच एक पाळी समजावी.

यंत्र घेतांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. केवळ टू-जीवर चालणारें यंत्र सर्व कंपन्यांच्या सिमवर चालत नाहीं. म्हणून विहिरीजवळ कोणत्या कंपनीचें जाळें नीट मिळतें हें प्रत्यक्ष उभें राहून पाहावें, मगच यंत्र ठरवावें. आणि यंत्रांतील सिमचा भरणा संपला तर यंत्र मुकें होतें; ती तारीख वहींत लिहून ठेवावी.

आतां चार चाकांच्या मोटारीविषयीं. कारखान्यांतूनच बटण लागून आलेली मोटार निर्धास्तपणें घ्यावी. तिच्यांत खिशांतील किल्ली व गाडी यांचें बिनतारी बोलणें होऊन ओळख पटते, आणि ब्रेक अगर क्लच दाबल्यावांचून एंजिन सुरू होत नाहीं. म्हणजे पहारा आधींच बसविलेला आहे. परंतु जुन्या गाडीस बाजारांतून आणून दुरून सुरू करण्याचें यंत्र जोडणें ही निराळी गोष्ट होय. आपण उतारावर गाडी गियरमध्यें टाकून उभी करतों. अशा गाडीस दुरून स्टार्टर मारला तर त्याच्या जोरानेंच ती पुढें सरकते, आणि पुढें भिंत आहे कीं मूल आहे हें तिला कळत नाहीं. बंद पडवींत एंजिन चालू राहिलें तर त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. तो झोंपेंतच जीव घेतो. शिवाय कांहीं ठिकाणीं किल्लीची ओळख चुकविण्याकरितां जादा किल्ली गाडीच्या आंतच लपवून ठेवतात, त्यायोगें चोरीविरुद्धचें कुलूप निरुपयोगी होतें. कायदाहि लक्षांत ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणें सार्वजनिक जागीं उभ्या केलेल्या वाहनाच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक मनुष्य नसेल, तर एंजिन बंद व ब्रेक लावलेला असला पाहिजे. म्हणजे दौंडच्या बाजारांत गाडी उभी करून दुकानांतून ती सुरू करणें नियमास धरून नाहीं. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं. दुरून एंजिन तापविण्याची निकड नाहीं. उन्हाळ्यांत गाडी आधीं थंड व्हावी, एवढाच काय तो लाभ. तेवढ्याकरितां हातानें गियर टाकण्याच्या गाडीस असें यंत्र जोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

असो. पाण्याच्या मोटारीस दुरून चालणारें बटण आज आपल्या भागांत चैन राहिलेली नाहीं. रात्रींची पाळी व उसांतील बिबट्या यांनीं ती गरज करून ठेवली आहे. ती सोय जरूर घ्यावी. परंतु पैसे मोजतांना क्रम असा ठेवावा : प्रथम अर्थिंग व नीट लावलेला रिले, मग तीन फेजचा व कोरडेपणाचा पहारा, मग घंटा व पाटी, आणि सर्वांच्या शेवटीं मोबाइलचें यंत्र. हातीं पैसा कमी असेल तर शेवटची बाब पुढील हंगामावर ढकलावी, पहिली कधींहि ढकलूं नये. आणि विहिरींत उतरणाऱ्याच्या खिशांत ग्रिपा आहेत कीं नाहींत, हें मालकानें स्वतः विचारल्यावांचून त्यास उतरूं देऊं नये.