वासराच्या फुफ्फुसाचें चित्र

मुक्या जनावराचें दुखणें त्यानें न सांगतां धन्यानें ओळखावें, अशी आपल्या शेतकऱ्यांची जुनी शिकवण आहे. कान पडलेले, डोळ्यांत पाणी, रवंथ बंद, नाकपुडी कोरडी, या खुणा जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आठ-दहा वर्षांचा मुलगाही जाणतो. परंतु एक दुखणें असें आहे कीं, तें या सर्व खुणांना चकवून वासराच्या छातींत कित्येक दिवस लपून राहतें. वासरूं बागडतें, दुधाला धांवतें, आणि त्याच वेळीं त्याच्या फुफ्फुसाचा एक भाग निकामी होत असतो. या दुखण्यास फुफ्फुसदाह अथवा न्यूमोनिया म्हणतात. तें बाहेर प्रकट होण्यापूर्वीं डोळ्यांनीं कसें पाहतां येतें, आणि पाहिल्यावर वासराचें दूध, खुराक व औषध यांविषयीं काय ठरवावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

हा विषय आपल्या दारचाच आहे. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं पुणें जिल्ह्यांतील उरुळीकांचन येथें बाएफ ही संस्था स्थापन केली, आणि संकरित गायींच्या पैदाशीस मोठी चालना मिळाली. आज मंचर, घोडेगांव, नारायणगांव, ओतूर या भागांतील पुष्कळ घरांचा दैनिक खर्च शेतापेक्षां गोठ्यावर चालतो. आजची कालवड हीच उद्यांची गाय. म्हणून कालवडीच्या छातींत काय चाललें आहे हा प्रश्न घराच्या पुढील चार-पांच वर्षांच्या मिळकतीचा प्रश्न होय.

प्रथम गाईच्या फुफ्फुसाची रचना पाहूं. घोड्याच्या मानानें गाईचें फुफ्फुस तिच्या देहाच्या गरजेला अपुरें असतें. श्रम, ताप किंवा उष्मा यांकरितां राखून ठेवलेली शक्ति तिच्यापाशीं थोडी. दुसरें असें कीं, तिच्या फुफ्फुसाचे लहान लहान खंड एकमेकांपासून जाड पडद्यांनीं वेगळे केलेले असतात. एखाद्या वाड्यांत पुष्कळ खोल्या असाव्या, पण खोलींतून खोलींत जाण्यास दार नसावें, तशी ही स्थिति आहे. एका खोलीची वाट कफानें बुजली कीं शेजारच्या खोलींतून तेथें हवा पोंचत नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाईच्या श्वासनलिकेला दोन मुख्य फांटे फुटण्यापूर्वींच एक लहान फांटा उजवीकडे निघतो, व तो उजव्या फुफ्फुसाच्या सर्वांत पुढच्या भागांत जातो. हा भाग उजव्या पायाच्या बगलेआड दडलेला असतो. रोगाचा आरंभ बहुधा तेथेंच होतो, आणि तेथेंच आपली नजर व कान पोंचत नाहींत.

छातींतील गुपित जाणण्याची मनुष्याची खटपट जुनी आहे. व्हिएन्ना येथील वैद्य औएनब्रुगर हा एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिपांत मद्य किती उरलें हें पिंपावर टिचकी मारून ओळखतात, हें त्यास ठाऊक होतें. तीच युक्ति रोग्याच्या छातीवर चालवून त्यानें १७६१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८१६ सालीं पॅरिस येथील लेनेक यानें कागदाची सुरळी छातीला लावून आंतील आवाज ऐकला. त्यांतून स्टेथॉस्कोप निघाला. १८९५ सालीं राँटगेन यास क्ष-किरण सांपडले. परंतु मोठ्या गुराची छाती एवढी रुंद असते कीं, तिचें क्ष-किरण चित्र घेण्यास मोठें व महाग यंत्र लागतें. तें कोणी गोठ्यांत आणूं शकत नाहीं. स्टेथॉस्कोप खिशांत मावतो, पण घट्ट झालेल्या फुफ्फुसांपैकीं बहुतेक त्याच्या तावडींतून निसटतात, असें आतां सिद्ध झालें आहे.

येथें ध्वनीनें पाहण्याची विद्या उपयोगीं पडते. आपल्या जुन्नरच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत, आणि अशा अंधाऱ्या जागीं वटवाघळें राहतात हें आपण जाणतां. तीं अंधारांत भिंतीवर कां आदळत नाहींत? इटलींतील विद्वान स्पालान्झानी यानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत प्रयोग करून दाखविलें कीं, डोळे झांकले तरी वटवाघूळ बिनचूक उडतें. कान बंद केले तर मात्र तें आदळतें. आपल्या कानांस ऐकूं न येणारा ध्वनि तें सोडतें व त्याचा प्रतिध्वनि ऐकून समोरची वस्तु ओळखतें, हा उलगडा विसाव्या शतकांत झाला. आपला कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. वैद्यांच्या सोनोग्राफी यंत्रांतील ध्वनि सेकंदाला कित्येक लक्ष कंपनांचा असतो. गुरांसाठीं वापरतात तो बहुधा पन्नास लक्षांच्या पुढचा. यंत्राचा प्रोब, म्हणजे हातांत धरावयाची दांडी, ध्वनि सोडतो, परत आलेला प्रतिध्वनि टिपतो, आणि पडद्यावर त्याचें चित्र उमटतें.

आतां यांतील एक चमत्कार ध्यानांत घ्या. ध्वनि मांसांतून व पाण्यांतून सहज जातो, पण हवेच्या सीमेवर आला कीं जवळजवळ सगळा माघारी फिरतो. निरोगी फुफ्फुस हवेनें भरलेलें असल्यामुळें त्याच्या आंतलें कांहींच दिसत नाहीं. पडद्यावर फुफ्फुसाच्या पृष्ठाची एक पांढरी रेषा दिसते, आणि तिच्याखालीं सारख्या अंतरावर तिच्याच फिकट प्रतिमा उमटतात. रोगानें हवेची जागा पूं व द्रव यांनीं घेतली म्हणजे मात्र ध्वनि आंत शिरतो आणि फुफ्फुसाचा तो भाग यकृतासारखा भरीव दिसूं लागतो. तात्पर्य, निरोगी फुफ्फुस दिसत नाहीं, रोगी दिसतें. याच कारणामुळें फुफ्फुसावर सोनोग्राफी चालत नाहीं असें पूर्वींचे वैद्य समजत असत.

तपासणी सोपी आहे. वासराचे केंस कापावे लागत नाहींत. छातीवर स्पिरिट शिंपडलें म्हणजे पुरे. प्रोब फांसळ्यांच्या मधून मागून पुढें सरकवीत नेतात, आणि शेवटीं पुढच्या पायाखालीं बगलेंत दाबून त्या दडलेल्या भागाकडे वळवितात. दोन्ही बाजू पाहण्यास थोडीं मिनिटें लागतात. जें दिसेल त्याला शून्य ते पांच असे गुण देतात. शून्य म्हणजे निर्मळ. एक म्हणजे पृष्ठावर विखुरलेल्या किरकोळ खुणा. दोन म्हणजे लहान लहान ठिपक्यांनीं घट्ट झालेला भाग. तीन म्हणजे एक संपूर्ण भाग घट्ट. चार म्हणजे दोन. पांच म्हणजे तीन वा अधिक. विशेष हें कीं, गाय गाभण आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अनेक पशुवैद्य जें यंत्र बाळगतात, तेंच या कामीं चालतें. निराळें यंत्र घेण्याचें कारण नाहीं. निराळें शिक्षण मात्र घ्यावें लागतें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठासारख्या ठिकाणीं या पद्धतीचें शिक्षण पशुवैद्यांस दिलें गेलें आहे.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्यास कॅनडांतील गुएल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनीं इतरांच्या सहकार्यानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष उत्तर देतो. होल्स्टीन जातीच्या कालवडींचीं फुफ्फुसें त्यांच्या पहिल्या आठ आठवड्यांत सोनोग्राफीनें पाहण्यांत आलीं. ज्यांच्या फुफ्फुसांत तीन सेंटिमीटर किंवा अधिक घट्ट भाग आढळला, त्यांनीं पुढें गाय झाल्यावर पहिल्या वेतांत सरासरी ५२५ किलो दूध कमी दिलें. आपल्या संकरित गाईंना हा आंकडा जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. पण बालपणीं बोटाच्या दोन पेरांएवढा झालेला घाव दोन-अडीच वर्षांनीं दुधाच्या भांड्यांत दिसतो, ही गोष्ट कोणत्याही गोठ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या चित्रावरून चार निर्णय घेतां येतात. पहिला दुधाचा. वासरूं आजारी पडलें कीं कित्येक घरीं त्याचें दूध कमी करतात. ताप आलेल्या वासराला रोगाशीं झगडण्यास उलट अधिक शक्ति लागते. म्हणून त्याचें दूध न तोडतां, कोमट करून, थोडें थोडें अधिक वेळां पाजावें. दुसरा निर्णय दूध तोडण्याचा. वासरूं लागोपाठ तीन दिवस रोज सुमारें एक किलो खुराक खाऊं लागलें म्हणजे दूध हळूहळू बंद करावें, असा सामान्य नियम आहे. परंतु फुफ्फुस घट्ट असेल, तर वय झालें तरी दूध तोडूं नये, जागा बदलूं नये, बाजारास नेऊं नये; तें निवळेपर्यंत थांबावें. तिसरा निर्णय औषधाचा. कळपांतील एक वासरूं खोकलें म्हणून सर्वांना सुया टोंचणें हें पैशाचें व औषधाच्या गुणाचें नुकसान आहे. ज्याच्या छातींत रोग दिसेल त्यालाच पशुवैद्यानें औषध द्यावें, व कांहीं दिवसांनीं पुन्हां पाहून गुण आला कीं नाहीं तें ठरवावें. चौथा निर्णय कठीण आहे. ज्या कालवडीचे दोन-तीन भाग कायमचे निकामी झाले, तिच्यावर दोन वर्षांची वैरण खर्च करावी किंवा नाहीं? घरांत मोजकीच वैरण असतां हा प्रश्न डोळ्यांआड करून चालत नाहीं. तथापि एकाच चित्रावरून तो सोडवूं नये. दोन-तीन वेळां पाहून मगच ठरवावें.

या विद्येला मर्यादाही आहेत. जो घाव फुफ्फुसाच्या पृष्ठापर्यंत आलेला नाहीं तो हवेआड लपतो. रोग कोणत्या जंतूनें झाला हें चित्र सांगत नाहीं. आणि यंत्र रोग दाखवितें. तो होऊं नये ही व्यवस्था माणसानेंच करावयाची असते.

ती व्यवस्था यंत्र नसलेल्या घरींही होऊं शकते. गाईच्या पोटांत असतां वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यें मिळत नाहींत. तीं चिकांतून मिळतात, आणि वासराच्या आंतड्याचें तीं शोषून घेण्याचें दार सुमारें चोवीस तासांत बंद होतें. म्हणून जन्मल्यावर पहिल्या कांहीं तासांतच वजनाच्या दशांश, म्हणजे तीस किलोच्या वासरास तीन लिटर, चीक पाजावा. खरवस शेजारीं जरूर पाठवावा, पण वासराचा वांटा आधीं. दुसरें, निवारा. भीमाशंकर व नाणेघाट यांच्या बाजूस पावसाळ्यांत गोठा ओलावतो. पूर्वेकडील गांवांत हिंवाळ्याची रात्र बोंचते व दुपार तापते. वासराखालीं भाताचा पेंढा किंवा बाजरीचें सरमाड एवढें जाड घालावें कीं, तें बसलें असतां त्याचे पाय त्यांत बुडून दिसेनासे व्हावे. थंडीच्या भीतीनें गोठ्याचीं सर्व भोंकें पोत्यांनीं बुजवूं नयेत. वासराच्या अंगावर झोत येऊं नये, पण वरून दूषित हवा निघून जावी. डांसांसाठीं केलेला धूर वासराच्या दावणीपासून दूर असावा. कडब्याची कुट्टी धुळकट असेल तर पाणी शिंपडून घालावी. बुरसलेली मुळींच घालूं नये.

तिसरी गोष्ट, पाजण्याची चाल. पोट फुगलें कीं जनावराची मान उंच करून, जीभ बाहेर ओढून, नळकांड्यानें किंवा बाटलीनें तेल अथवा काढा घशांत ओततात. जीभ ओढलेल्या जनावराला गिळतां येत नाहीं. तेल श्वासनलिकेंत उतरतें आणि पोटाच्या दुखण्यावर छातीचें दुखणें चढतें. अशा फुफ्फुसदाहांतून जनावर क्वचितच बरें होतें. पाजणें भागच पडलें तर मान सरळ ठेवावी, जीभ मोकळी सोडावी, घोट घोट द्यावें, आणि जनावर खोकलें कीं तत्काळ थांबावें. चौथी गोष्ट, घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्यावी. या रोगांतही फुफ्फुसावर घाला पडतो.

सुट्टींत घरीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सोपी परीक्षा सांगून ठेवतों. सकाळीं गोठा झाडण्यापूर्वीं वासराजवळ जावें, जमिनीवर गुडघे टेकावे आणि आपलें नाक वासराच्या नाकाच्या उंचीवर आणून दहा-वीस वेळां श्वास घ्यावा. उभ्या माणसाला न कळणारा मुताचा उग्र दर्प तेथें नाकाला झोंबला, तर ती हवा वासरूं रात्रभर घेत आलें आहे असें समजावें. मग उठून आपले गुडघे पाहावे. ते ओले झाले असतील, तर त्याच ओलींत वासरूं निजलें होतें. प्रथम पेंढा बदलावा, वरची फट मोकळी करावी, आणि पुढच्या वेळीं गाभण गाय तपासण्यास पशुवैद्य यंत्र घेऊन येतील तेव्हां त्यांना नम्रपणें विचारावें कीं, "डॉक्टरसाहेब, याच यंत्रानें आमच्या कालवडीची छातीही पाहतां येईल काय?"