हुकूमनाम्यानंतरचे दिवस

ज्या ज्ञातींत काडीमोडीची रूढी नव्हती, त्यांच्यासाठी घटस्फोटाची कायदेशीर वाट बडोदे संस्थानात 1931 साली आणि मुंबई इलाख्यात 1947 साली खुली झाली, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती प्रशस्त केली आणि 1976 च्या दुरुस्तीने परस्परसंमतीची तरतूदही तीत आली. परंतु अर्ज, मुदत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांची जेवढी तजवीज कायद्याने केली, तेवढी चौकशी हुकूमनामा हाती पडलेल्या माणसाच्या प्रकृतीची आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही. प्रकरण निकालात निघाले म्हणजे माणूस मोकळा झाला, असे आप्तेष्ट गृहीत धरतात आणि पुष्कळदा तो स्वतःही तसेच धरून चालतो.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातील 43 उलथापालथींची एक श्रेणी प्रसिद्ध केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण असून त्याखालोखाल 73 गुणांवर घटस्फोट आहे, आणि तुरुंगवासाला 63 च गुण दिलेले आहेत. असल्या कोष्टकांवर फार विसंबू नये. नित्याच्या मारझोडीतून सुटलेल्या स्त्रीला त्या रात्री कित्येक वर्षांनी प्रथमच स्वस्थ झोप लागत असेल आणि तिच्या बाबतीत हा 73 चा आकडा निरर्थक ठरेल. तथापि सुटकेचा आनंद झालेल्या माणसाचेही शरीर ताणातून लगेच बाहेर पडते असे नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण तारखांमागून तारखा पडत असताना, वकिलाचा फोन आला की छातीत धडधडणे आणि कोर्टाच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणे, हे ज्या देहाच्या अंगवळणी पडले, तो देह निकालानंतरही काही काळ सावधच राहतो. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके संकटकाळी उपयोगाची खरी, पण त्यांचा अंमल लांबला म्हणजे झोप तुटते, रक्तदाब चढतो, आणि मधुमेह असलेल्याची साखर आवरेनाशी होते. त्यातच संसाराबरोबर दिनक्रमही मोडलेला असतो. संध्याकाळी सवयीने दोघांच्या मापाचे तांदूळ धुतले जातात, मग ते पाहून स्वयंपाकावरचे मनच उडते, आणि ओट्यापाशी उभ्यानेच चहाबरोबर चार बिस्किटे खाऊन रात्रीचे जेवण उरकले जाते. असे महिनाभर चालले की येणारा थकवा मनाचा किती आणि पोटाचा किती, हे वैद्यालाही सांगणे कठीण.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ‘आता नवे आयुष्य सुरू करायचे’ असले भव्य संकल्प काही महिने तहकूब ठेवावेत आणि आधी जेवणाची व उठण्याची वेळ सांभाळावी. रात्री झोप लागो वा न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठून उजेडात अर्धा तास झपाट्याने चालावे. आठवड्यातून पाच दिवस एवढे केले तरी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान 150 मिनिटे भरतात. एकट्यासाठी का होईना, भाजी-पोळी करून पाटावर किंवा टेबलाशी बसून जेवावे. पुरुषांच्या बाबतीत एक इशारा निराळा द्यावा लागतो: मित्र सहानुभूतीने ‘बसायला’ बोलावतात आणि दुःख सांगण्याची मुभा पुरुषाला पेल्यासमोरच मिळते, ही आपल्या समाजाची मोठी दुर्दैवी रीत आहे. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

कागदपत्रांचा ताण वेगळाच. बँकेतील, विम्यातील आणि भविष्यनिर्वाह निधीतील वारसाचे नाव, शिधापत्रिका, गॅसची जोडणी, या सर्वांवर जुनेच नाव असते आणि प्रत्येक खिडकीवर तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. हुकूमनाम्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती आरंभीच काढून घ्याव्यात आणि आठवड्याला एकच काम हाती घ्यावे. लग्नकार्यात भेटणाऱ्या चौकस आत्याबाईंसाठीही एक वाक्य तयार असावे. ‘आम्ही वेगळे झालो, आता बरे चालले आहे,’ एवढे पुरते. मुलांना मात्र निरोप्या करू नये. पोटगीचा तगादा लेकराच्या तोंडून गेला की भांडण त्याच्या अंगात राहायला येते.

उदासी, निद्रानाश, अन्नावरची वासना जाणे किंवा कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याला दुःख म्हणून सोसत न बसता डॉक्टरांकडे जावे; आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर दोन आठवड्यांचीही वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तो विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.