संगणकाचा माळा कुणी बंद केला?

मैत्रिणींनो, वर्गाचे गुण भरायला, घरच्या मसाल्यांच्या ऑर्डरी लिहायला, नाहीतर धाकट्याचा शाळेचा प्रकल्प छापायला तुम्ही संगणकापुढे बसता. अर्धंअधिक काम होतं आणि पडद्यावर एक इंग्रजी चौकट उगवते. मेमरी कमी पडते आहे, फाइली सेव्ह करा आणि प्रोग्रॅम बंद करा, असा तिचा अर्थ. तो लागेपर्यंत कामाची खिडकी मिटते आणि तासाभराची मेहनत पाण्यात जाते. मग घरात एकच निकाल लागतो: "यंत्र म्हातारं झालं, आता नवं घ्या!"

थांबा. हजारो रुपयांचा खर्च ठरवण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करून पाहा. कदाचित यंत्रात काहीच बिघडलेलं नसेल. कुणीतरी एक सोय बंद केलेली असेल, एवढंच.

आमच्या भिसेगावच्या घरी असंच झालं. संगणक दुरुस्तीहून परत आला, तेव्हा कारागिराने तो 'जलद' करून दिला होता. आठ दिवस बरे गेले. पुढे परीक्षेचे गुण भरायची वेळ आली, तशी रोज ही चौकट हजर! ह्यांनी कर्जत लोकलमधल्या एका जाणकार सोबत्याला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कारागिराने 'व्हर्च्युअल मेमरी' नावाची सोयच बंद करून ठेवली होती.

ओटा आणि माळा

ही व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरातच पाहू. संगणकाची खरी मेमरी, जिला रॅम म्हणतात, ती म्हणजे ओटा. हाताशी लागणारं सगळं ओट्यावर. पण ओटा केवढा असणार? म्हणून रोज न लागणारी भांडी आपण माळ्यावर टाकतो आणि लागली की उतरवतो. शिडी लावायला वेळ लागतो खरा, पण ओटा मोकळा राहतो.

संगणकही तेच करतो. उघडून ठेवलेल्या पण वापरात नसलेल्या गोष्टी तो डिस्कवरच्या एका राखीव फाइलीत हलवतो. तिला 'पेजिंग फाइल' म्हणतात. तोच संगणकाचा माळा. तो बंद केला की सगळा पसारा ओट्यावरच मावायला हवा.

ही युक्ती आजची नव्हे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या 'ॲटलास' संगणकात ती १९६२ साली वापरात आली. त्या काळी मेमरी फार महाग असे. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पुरा झालेला 'टिफ्रॅक' घ्या. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे अवघे २,०४८ शब्द मावत, म्हणजे सुमारे १० किलोबाइट. आजच्या साध्या ४ जीबीच्या यंत्रात त्याच्या चार लाख पटींहून जास्त जागा असते. तरी ती कमी पडतेच! घर मोठं झालं की सामानही वाढतं, तसंच हे.

जागा दिसते, पण मिळत नाही

आता सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट सांगते. पुष्कळदा चौकट येते तेव्हा रॅममध्ये बरीच जागा मोकळी दिसते. मग तक्रार कसली?

एस.टी. फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. माणूस अजून खाली उभा असतो, बाक रिकामं दिसतं, पण तिथे दुसऱ्याला बसता येत नाही. प्रोग्रॅमही तसेच. ते पुढे लागेल म्हणून बरीच जागा आधीच धरून ठेवतात. माळा चालू असेल तर विंडोज त्याच्या भरवशावरही रुमाल टाकू देते, कारण वेळ आलीच तर काही सामान तिकडे हलवता येतं. माळा बंद असेल तर जेवढी रॅम तेवढेच रुमाल. ते संपले की बाकं रिकामी असली तरी नव्याला 'जागा नाही' असं उत्तर मिळतं. खूण पटली ना?

अशी करा तपासणी

ही कृती विंडोज १० आणि ११ दोन्हींत चालते. आधी चालू कामे सेव्ह करा.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. 'कमिटेड' ह्या शब्दाखाली दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे टाकलेले रुमाल, दुसरा म्हणजे एकूण किती टाकता येतील ते. दुसरा आकडा तुमच्या रॅमएवढाच किंवा किंचित कमी असेल, तर माळा बंद आहे असे समजा.

२. स्टार्टच्या शोधचौकटीत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' हे शब्द इंग्रजीत टाइप करून ती खिडकी उघडा. तिथल्या 'परफॉर्मन्स' भागातले 'सेटिंग्ज' बटण दाबा.

३. नव्या खिडकीत वरच्या बाजूला 'ॲडव्हान्स्ड' निवडा. खाली 'व्हर्च्युअल मेमरी' दिसेल. तिथे ० एमबी असेल, तर चोर सापडला!

४. 'चेंज' दाबा. सगळ्यात वर 'ऑटोमॅटिकली मॅनेज' अशी सुरुवात असलेली ओळ आहे. तिच्या चौकोनात बरोबरची खूण करा. किती जागा हवी ते विंडोज स्वतःच ठरवेल, आपण आकडे भरत बसू नये.

५. 'ओके' दाबत बाहेर या आणि संगणक रीस्टार्ट करा. मग पहिली पायरी पुन्हा करून पाहा. दुसरा आकडा आता वाढलेला दिसेल.

आमच्याकडे एवढ्यानेच काम झालं. पूर्ण वर्गाचे गुण भरून झाले, चौकट फिरकली नाही.

एक ध्यानात ठेवा. माळ्यालाही घरात जागा लागते. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर पेजिंग फाइल वाढणार कुठे? तेव्हा जुनी डाउनलोड्स काढा, नको ते फोटो हलवा आणि रीसायकल बिन रिकामा करा.

चौकट आलीच तर

घाबरून यंत्राचं बटण दाबून ते बंद करू नका. चौकटीत प्रोग्रॅम बंद करायचे बटण असेल, तर तेही घाईने दाबू नका. आधी कंट्रोल आणि एस दाबून हातातलं काम सेव्ह करा. मग एकेक खिडकी बंद करा, ब्राउझरची आधी. त्यात पंधरा-वीस पानं उघडी ठेवायची सवय मुलांना असतेच!

माळा चालू करूनही त्रास होत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'प्रोसेसेस'मध्ये 'मेमरी' ह्या शब्दावर क्लिक करा. सर्वांत जास्त जागा अडवणारा प्रोग्रॅम वर येईल. काही काम न करता त्याचा आकडा वाढतच असेल तर दोष त्याचाच. तो बंद करून उघडा, नवी आवृत्ती असली तर घ्या. असं काही नसेल आणि यंत्र सारखं माळ्यावर ये-जा करत रखडत असेल, तेव्हाच रॅम वाढवायचा विचार करा. दुकानात जाताना यंत्राचे मॉडेल लिहून न्या, कारण एका पिढीची रॅम दुसरीच्या खाचेत बसत नाही आणि काही लॅपटॉपमध्ये ती बदलताच येत नाही.

"माळा बंद केला की यंत्र पळतं", "नव्या एसएसडी डिस्क त्याने झिजतात" असं कुणी ठासून सांगेल. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरं, पण घरच्या वापरात तेवढ्यासाठी ही सोय बंद ठेवायचं कारण नाही. आमच्या कर्जतला घाट चढण्याआधी गाड्यांना मागून बँकर इंजिने लावतात. सपाटीवर त्यांची गरज नसते, म्हणून घाटातही ती नकोत असं कुणी म्हणतं का? गुण भरायचा दिवस हा आपला घाट.

तेव्हा संगणक दुरुस्तीला दिलात, तर परत घेताना एक प्रश्न जरूर विचारा: "व्हर्च्युअल मेमरी चालू ठेवली आहे ना?" पैसे मोजायचे ते त्याचं उत्तर मिळाल्यावर!