कसारा लोकल आणि जॅझ

मोहन्यात राहणाऱ्या माणसाला जॅझ ऐकायचं असेल, तर संगीताच्या ज्ञानापेक्षा रेल्वेचं वेळापत्रक जास्त उपयोगी पडतं. आमचं स्टेशन आंबिवली. कल्याणनंतर शहाड, मग आंबिवली, पुढे टिटवाळा करीत गाडी कसाऱ्याच्या वाटेला लागते. मुंबईत मैफल कितीही रंगलेली असो, मध्यरात्रीच्या आसपासची कसाऱ्याची शेवटची लोकल चुकली की व्ही.टी.च्या बाकड्यावर पहाट काढायची. (त्या स्टेशनचं नाव आतापर्यंत दोनदा बदललं, पण आमच्या पिढीच्या तोंडातलं व्ही.टी. काही जात नाही.) चाळीसहून अधिक वर्षं मी हा उद्योग करीत आलो आहे आणि इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "अहो, पण तुम्हाला त्यात कळतं काय?"

प्रश्न रास्त आहे. उल्हास नदीच्या काठचं आमचं गाव. एन.आर.सी.चा रेयॉनचा कारखाना होता, तोवर देशभरातली माणसं तिथे पोटासाठी आलेली. संध्याकाळी कुठे भजन, कुठे अय्यप्पाची पूजा, गणपतीत ऑर्केस्ट्रा. त्यात सॅक्सोफोनचं वेड घेऊन मीही त्याच कारखान्यात पाळीने कामाला जाणारा. हे लोकांना विचित्र वाटणारच. पण मी त्यांना नेहमी उलटा प्रश्न विचारतो : "'अलबेला' पाहिलाय ना?"

'अलबेला' न पाहिलेला मराठी माणूस माझ्या वयाच्या लोकांत तरी सापडत नाही. १९५१ सालचा हा चित्रपट. नायक आणि दिग्दर्शक आपले भगवानदादा, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यातल्या ज्या गाण्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनीही हळूच पाय हलवले, त्यांत ट्रम्पेट वाजवणारा माणूस होता चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणा. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. चित्रपटात पडद्यावरही चिक आणि त्याचा वाद्यवृंद दिसतो. म्हणजे जॅझ आपल्या घरात कधीचं येऊन बसलं होतं. पाहुण्याची ओळख तेवढी कुणी करून दिली नव्हती.

ही ओळख खरं तर गोवेकरांनी करून द्यायची, पण त्यांना बिचाऱ्यांना वाजवण्यातून फुरसत नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई, व्हायोलिन हातात दिलं जाई. हीच मुलं पुढे पोटासाठी मुंबईत आली. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक आला. गोव्याच्या पोरांनी त्यांचं वाजवणं कानांनी टिपून घेतलं. नंतर ताजमध्ये मिकी कोरियाचा बँड वर्षानुवर्षं वाजत राहिला. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाणी, असा त्यांतल्या अनेकांचा दिनक्रम. संगीतकार पेटीवर चाल सांगायचे आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोवेकर ती कागदावर उतरवून व्हायोलिनं, ट्रम्पेटं, सॅक्सोफोन यांचा मेळ बांधायचे. आपण ज्याला 'म्युझिक पीस' म्हणतो, त्यातलं कितीतरी या लोकांचं देणं आहे. श्रेयनामावलीत त्यांची नावं शोधू नका. बहुतेकांची नाहीतच.

पण प्रत्यक्ष ऐकायचं कुठे? ताजमध्ये किंवा चर्चगेटच्या हॉटेलांत. तिथे जायचं तर कोट हवा, बूट हवेत आणि टेबलावर काहीतरी मागवायला खिसा हवा. आमच्यासारख्यांची धाव त्या काचेच्या दारापर्यंतच. अमेरिकन सरकारने डेव्ह ब्रूबेकला १९५८मध्ये आणि ड्यूक एलिंग्टनला १९६३मध्ये हिंदुस्थानात पाठवलं. ब्रूबेक तर मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसून वाजवून गेला. आम्हाला हे सगळं नंतर वाचून कळलं.

माझी दीक्षा झाली ती रेडिओवर. कारखान्यात एक गोवेकर फिटर होते, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. रविवारी चर्चमध्ये आणि लग्नसराईत ते ट्रम्पेट वाजवायचे. दुसऱ्या पाळीहून आल्यावर ते शॉर्टवेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लावायचे. त्यावर विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम लागे. परदेशातल्या श्रोत्यांना समजावं म्हणून हा निवेदक मुद्दाम सावकाश, सोपं इंग्रजी बोलायचा. खरखर, मधेच दुसरं स्टेशन घुसायचं, आवाज लाटेसारखा येऊन जायचा. अंकल म्हणायचे, "हे ऐकणं नाही रे बाबा, ही नुसती चिठ्ठी आहे. माणूस भेटायला पाहिजे."

माणूस भेटला १९७८ साली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया'तल्या सहकाऱ्यांनी मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरवली. जागा धोबी तलावचं रंगभवन. मला आजही वाटतं, की या महोत्सवाला 'यात्रा' हे नाव देणाऱ्याला आपल्याकडची जत्रा नीट ठाऊक असली पाहिजे. रंगभवन म्हणजे उघड्यावरचं नाट्यगृह. वर आकाश, शेजारी सेंट झेवियर कॉलेजच्या दगडी भिंती आणि मुख्य म्हणजे व्ही.टी.पासून चालत जेमतेम पंधरा मिनिटं. दाराशी कोणी तुमच्या चपलांकडे बघत नव्हतं. साधं तिकीट आमच्यासारख्याला परवडत होतं. शेजारी कॉलेजची पोरं, पलीकडे पारशी म्हातारं जोडपं, मागे डब्यातली पोळी-भाजी सोडून बसलेलं आमच्यासारखंच कुणी कुटुंब. अंकल आणि मी पहिली पाळी करून थेट आलो होतो.

त्या वर्षी सॉनी रॉलिन्स आला होता. टेनर सॅक्सोफोनमधलं केवढं मोठं नाव! शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या एका पुलावर जाऊन रियाज करणारा हा माणूस. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिलाही होता. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की बाकीचे वादक थांबले आणि हा एकटा वाजवू लागला. चार-सहा स्वरांचा एक साधा तुकडा घेतला. तोच उलटा, तोच तुटक, तोच चेष्टेने, तोच रागाने. मुखड्याचे बोल घेऊन बोल-बनाव करणारी ठुमरी मी ऐकली होती. इथे बोल नव्हते, पण काम तेच चाललं होतं. मला वाटलं, अरे, हे तर आपल्याला येतं! म्हणजे ऐकायला येतं.

तेव्हा "कळतं काय" याचं माझं उत्तर असं. आपला कान रागसंगीतावर, निदान नाट्यगीतावर तयार झालेला असतो. उपज म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण त्या धूनच्या चौकटीत स्वतःचं बोलतो आणि शेवटी सगळे धूनवर परत येतात. बहुतेक जुन्या धुना बत्तीस खंडांच्या, दर खंडात चार मात्रा. हेच आवर्तन सारखं फिरत राहतं. मनात ती धून गुणगुणत राहिलात तर तुम्ही कधी हरवणार नाही. मधेच ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला चार-चार खंड वाटून घेतात, तेव्हा तो सरळसरळ सवाल-जवाबच असतो. एकच फरक सांभाळायचा. आपण "वाऽ" जागेवर देतो, तिथे एकाचं एकट्याचं वाजवून संपलं की टाळ्या देतात. पण अंकलनी रंगभवनात मोठ्याने "क्या बात है" म्हटलं, तेव्हा मंचावरचा बासवाला हसला होता.

ब्लूजचं गणित त्याहून सोपं. बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. चार खंड षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या. मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन घरी. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार बोलते. आपल्या शाहिराला जशी झीलकऱ्यांची साथ, तसंच. आणि तो प्रसिद्ध करुण स्वर? तो कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी असतो. पेटीवर सापडत नाही, पियानोवरही नाही. तार ताणावी लागते किंवा गळा.

हे सगळं तबकडीवरही कळेल, असं कुणी म्हणेल. नाही कळत. याचा शोध आमच्या सौ.नी लावला. भावगीतांपलीकडे तिला फारसा रस नाही. ऐंशीच्या दशकात एका जॅझ यात्रेला मी तिला ओढूनच नेलं. परतीच्या गाडीत ती ठाण्यापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "ते सगळे एकमेकांकडे बघून वाजवतात. तो काळा कोट घातलेला काहीतरी चुकीचं वाजवून गेला आणि पियानोवाल्याने तेच उचलून बरोबर केलं, पाहिलंत?" मी ते पाहिलं नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते, रसिकासारखे. त्यानंतर मी जॅझ डोळे उघडे ठेवून ऐकतो. ब्राझ गोन्साल्विस हा गोव्याचा सॅक्सोफोनवादक रागांचे स्वर जॅझमध्ये आणीत असे. तो वाजवत असताना लुई बँक्स पियानोवरून मान वर करून त्याच्याकडे कसा बघायचा, हे कुठल्या तबकडीत मावणार?

ब्लूज प्रत्यक्ष ऐकायला मला २०११ उजाडावं लागलं. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवाचं ते पहिलं वर्ष. त्याआधी दोन वर्षं, २००९मध्ये, आमचा कारखाना बंद पडला होता. कॉलनी ओस पडत चालली होती, अंकल त्याच्या कितीतरी आधी गोव्याला गेले होते. वांद्र्याहून परत यायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची. तिकीटही पूर्वीसारखं नाही. तरी गेलो, कारण बडी गाय येणार होता. लुईझियानातल्या शेतमजुराचा मुलगा. लहानपणी कापूस वेचलेला, खिडकीच्या जाळीच्या तारा काढून वाद्य बनवलेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ठिपक्याठिपक्यांची गिटार घेऊन आला आणि आधी कानठळ्या बसतील असं वाजवलं. मग आवाज खाली आणत, आणत, इतका खाली आणला, की अख्ख्या स्टुडिओने श्वास रोखून धरला. हा त्याच्या मैफलींचा नेहमीचा प्रकार आहे म्हणतात. असेल. आपल्याकडेही मोठा गवई तीच जागा रोज घेतो आणि आपण रोज फसतो.

कापूस वेचणाऱ्यांच्या दुःखातून निघालेलं गाणं, रेयॉनच्या बंद कारखान्यातून आलेला मी ऐकत होतो. जवळच उभा असलेला शिलाँगचा एक मुलगा मला त्याच्या गावच्या 'सोलमेट' या बँडबद्दल सांगत होता. डोंगरातल्या त्या गावात ब्लूज रुजतं, तर उल्हासच्या काठी का रुजू नये, असा विचार माझ्या मनात आला. पण लगेच घड्याळाकडे लक्ष गेलं आणि विचार तिथेच राहिला.

घड्याळ हाच खरा विषय आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले आणि रुग्णालयं, शाळा-कॉलेजं यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आखलं. रंगभवनाला तर कॉलेज आणि कामा हॉस्पिटल दोन्हींचा शेजार. तिथल्या मैफली थांबल्या. पुण्याच्या 'सवाई'च्या रात्रभर चालणाऱ्या बैठकी गेल्या, त्याही याच कारणाने. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कामामधल्या बाळंतिणीला रॉलिन्स कशाला हवा? पण रंगभवनाबरोबर एक दारही बंद झालं. आता जॅझ ऐकायचं तर नरिमन पॉइंटला एन.सी.पी.ए.मध्ये. सभागृह उत्तम, ध्वनी उत्तम, माणसंही सौजन्याने वागवतात. पण तिथून व्ही.टी.ला यायला बस किंवा टॅक्सी हवी आणि शेवटचा तुकडा ऐकताना माझा अर्धा जीव टॅक्सीत असतो.

नियम तर उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांसाठी आहेत. मग बंद सभागृहं आम्हाला काय कमी आहेत? कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आहे. तिथे नाटकं होतात, पहाटेच्या शास्त्रीय मैफली होतात, दिवाळीत तरुण पोरं गर्दी करतात. एखाद्या रविवारी दुपारी चार वाजता तिथे चार वादक आणून बसवा. पियानो, बास, ड्रम आणि एक सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट. तिकीट नाटकाइतकंच ठेवा. मध्यंतरात बटाटेवडा असू द्या. आमच्या सौ. येतील, फक्त त्यांना मंच नीट दिसेल अशी खुर्ची द्या. आणि साडेसातला संपवा, म्हणजे आठच्या आत आंबिवलीची गाडी मिळते.