बेलिफ दारात आला तर

बेलिफ म्हणजे दिवाणी न्यायालयाचा आदेश बजावणारा कर्मचारी. तो पोलीस नव्हे, अटक करायलाच आला असेही नव्हे. पोस्टमनला पत्रातला मजकूर बदलता येत नाही, तसे बेलिफालाही देण्याची रक्कम कमी करता येत नाही किंवा मुदत वाढवता येत नाही. त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मुर्री गावातल्या शेतकऱ्याकडे गोंदियाच्या न्यायालयाचे जप्तीचे वॉरंट आले, तर आधी बेलिफाचे ओळखपत्र पाहावे, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) क्रमांक उतरवून घ्यावा आणि वकील गाठावा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

सगळे घर उचलून नेतील, ही भीती खरी नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारे, तसेच उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटणारे बैल आणि धानाचे बियाणे जप्तीतून वगळते. कलम 62 नुसार सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरता येत नाही.

खरा घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. लोक पैसे परस्पर धनकोला (ज्याचे देणे आहे त्याला) देतात आणि न्यायालयात नोंदच करत नाहीत. नोंद नसलेला भरणा अंमलबजावणी करणारे न्यायालय धरत नाही.