गोधडीचा गोट आणि फ्यूजिबल वेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोधडीच्या चारी कडा झाकणारी पट्टी म्हणजे गोट. गोधडी सर्वांत आधी कडेनेच विरते, कारण पांघरताना ओढली जाते ती कड आणि वाळत घालताना दोरीवर घासते तीही कडच. भूम तालुक्यासारख्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, गोधडी जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, धावदोरा घालून शिवली जाते. अशा जाड थरांवर गोट बसवणे हे कामातले सर्वांत किचकट अंग. पुढची बाजू शिवून पट्टी मागे वळवली की ती सरकते. टाचण्या वाकतात, बोटाला टोचतात आणि कच्ची टीप घालण्यात दुपार जाते. फ्यूजिबल वेब नावाची चिकटजाळी हे काम सोपे करते. मात्र तिच्याविषयी गैरसमजही बरेच आहेत.

पहिला गोंधळ ओळखीचाच. कॉलर किंवा ब्लाऊजच्या गळ्यासाठी शिंपी जे ‘पेस्टिंग’ वापरतात, तेच हे, असे अनेकांना वाटते. पेस्टिंग हे मुळात कापड असते. त्याच्या एका बाजूला चिकट द्रव्य लावलेले असते आणि ते कापडाला ताठपणा देते. फ्यूजिबल वेबमध्ये कापड नसतेच. पॉलिअमाइडसारख्या, उष्णतेने वितळणाऱ्या द्रव्याच्या बारीक तंतूंची ती विरळ जाळी असते. दोन कापडांच्या मध्ये ठेवून इस्त्री दाबली की तंतू वितळून दोन्हीकडच्या धाग्यांत शिरतात आणि थंड होताना घट्ट होतात. म्हणजे ती दोन्ही बाजूंनी चिकटते, पेस्टिंग एकाच. गोटाच्या कामी पेस्टिंग वापरले तर पट्टी ताठ होईल, पण गोधडीला चिकटणार नाही.

‘चिकटवले की शिलाई नको’ हा सर्वांत महागात पडणारा समज. साडीचा फॉल किंवा पडद्याची दुमड जाळीवर काही काळ निभावते, गोधडी निभावत नाही. ती पाणी पिऊन जड होते, दगडावर आपटली जाते, दोघांनी दोन टोके धरून पिळली जाते. तो ताण पेलायला दोराच हवा. जाळीने टाचण्या आणि कच्ची टीप यांचे काम करायचे, पक्क्या शिलाईचे नाही. पट्टी जागेवर धरून ठेवणे एवढीच तिची कामगिरी, आणि ती मात्र ती चोख बजावते.

‘इस्त्री जितकी गरम तितकी पकड घट्ट’ हेही खरे नाही. ही द्रव्ये साधारण 110 ते 140 अंश सेल्सिअसला वितळतात, तर इस्त्रीची सुती कापडाची खूण 200 अंशांच्या आसपासची असते. उष्णता फार झाली की द्रव्य पातळ होऊन कापडात मुरते, कधी वरच्या बाजूला डाग उमटतो आणि सांध्यात धरायला काही उरत नाही. लोकरीची, म्हणजे दोन ठिपक्यांची खूण पुरते. वर ओलसर फडके ठेवून सुमारे दहा सेकंद दाबावे, इस्त्री उचलून पुढे ठेवावी. कपड्यांना करतो तशी ती सरकवली तर वितळलेली जाळी आणि पट्टी दोन्ही जागा सोडतात. कोळशाच्या इस्त्रीला अंशांचे नियंत्रण नसल्याने आधी चिंधीवर पाहणे अनिवार्य.

जाळी धुण्यात सुटली की लोक मालाला दोष देतात. पुष्कळदा कारण असते ते गोधडीची जाडी. चार-सहा थर उष्णता शोषून घेतात. खालून इस्त्री दाबली तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. म्हणून दाब नेहमी गोटाच्या बाजूने द्यावा आणि ती जागा पूर्ण निवेपर्यंत हलवू नये. पकड बसते ती निवताना. दुसरे कारण खळ. नवे कापड खळ काढून, धुऊन, वाळवून घेतले नाही तर द्रव्य धाग्यांऐवजी खळीला चिकटते आणि पहिल्याच पाण्यात खळीसोबत जाते.

सुई चिकट होते, ही तक्रार निम्मी खरी आहे. जाळी हलक्या आणि भारी अशा दोन्ही प्रकारांत मिळते. भारी प्रकार शिलाईविना वापरण्यासाठीच असतो आणि त्यातून टीप मारली की सुईवर राळ जमते, टाके सुटतात. गोटासाठी हलका, शिवता येणारा प्रकार घ्यावा. हाताने शिवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : चिकटलेल्या भागातून हातसुई ओढणे जड जाते. त्यामुळे जाळीची पट्टी पाव इंचाहून रुंद नको आणि टाका तिच्या बाहेरून, अगदी कडेला घालावा. पट्टी अरुंद ठेवली की काठ पुठ्ठ्यासारखा होण्याची भीतीही उरत नाही.

गोट नेहमी उरेबच कापावा लागतो, हा नियम ब्लाऊजच्या गळ्यावरून आलेला दिसतो. वळणदार कडेला उरेब, म्हणजे शिंप्यांची क्रॉसपट्टी, हवीच. चौकोनी गोधडीला सरळ पट्टी चालते, कापडही कमी लागते. पाच फूट बाय सात फूट गोधडीचा घेर 24 फूट, म्हणजे 288 इंच. कोपरे आणि शेवटचा सांधा यांसाठी बारा इंच धरून 300. दुहेरी घडीच्या गोटाला अडीच इंच रुंद पट्टी लागते, जाड गोधडीला तीन इंच घ्यावी. इथे जुन्या लुगड्याचा काठ फार उपयोगी. नऊवारीचा एक काठ 324 इंच लांब असतो. पूर्ण शाबूत असेल तर एवढ्या गोधडीला मधे एकही जोड न देता पुरतो. काठाची बाहेरची कड विणतानाच पक्की झालेली असल्याने ती मागच्या बाजूला आली तर दुमडावीही लागत नाही. एकेरी पट्टीवर भागते.

मात्र कोणत्याही काठाला जाळी चालते असे नाही. सुती काठ उत्तम. प्लास्टिकची जर इस्त्रीखाली आकसते. गोधडीच्या आत पॉलिएस्टरचा भराव असेल तर तो दाबाने कायमचा चपटा होतो. तिथे टाचण्याच बऱ्या.

क्रम असा : पट्टी पुढच्या बाजूला शिवावी. कागदावरची जाळी तिच्या मागे वळणाऱ्या कडेच्या आत इस्त्रीने चिकटवावी, निवल्यावर कागद सोलावा. मग पट्टी मागे वळवून पहिली शिलाई झाकली जाईल एवढी आणावी आणि दाबावी. कोपऱ्यावर तिरकी घडी आधी बसवावी. तिथे जाळीचा नखाएवढा तुकडा पुरतो. मग पक्की टीप.

शेवटचा गैरसमज असा, की वेगळा गोट नसलेली गोधडी अपुरी. कितीतरी गोधड्यांत वरचे कापडच आत दुमडून धावदोऱ्याने पक्के केलेले असते. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या कवंदी नावाच्या गोधडीतही कडा आत वळवून शिवण कडेकडून मध्याकडे जाते. अशा गोधडीला गोटही नको आणि जाळीही नको.